लागला की चालू

टिंबकाकांना मी पहिल्या आठवड्यातच वैतागले होते, हे आधी सांगून टाकते. नाहीतर कुणाला वाटायचं, मी त्यांचे गोडवे गायला बसले आहे.

आमचं सायंदैनिक होतं. सकाळी सातला कामाला लागायचं, एक वाजता पानं छपाईला सोडायची, तीनला अंक रस्त्यावर. मुद्रितशोधन विभाग म्हणजे छपाईयंत्राच्या डोक्यावरची एक खोली. दोन टेबलं, एक खिडकी, आणि एक वाजल्यापासून पायाखाली थरथरणारी जमीन. एका टेबलाशी काका तेवीस वर्षं बसत होते. दुसऱ्या टेबलाशी माझ्या आधी सहा जण बसून पळून गेले होते. मी सातवी.

सगळं काम संगणकावर गेलं तरी काका प्रूफ कागदावरच वाचायचे. लाल पेन्सिल, खाली पट्टी, ओठ हलताहेत. गाळलेला अनुस्वार त्यांना दुसऱ्या टोकाच्या टेबलावरूनही दिसायचा, म्हणून टिंबकाका. माझ्या पहिल्याच प्रुफावर त्यांनी एकतीस टिंबं दिली आणि म्हणाले, "एवढी टिंबं गाळलीस, रांगोळी झाली असती." मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी हट्टाने परत गेले.

पण त्यांचं खरं वेड टिंबाचं नव्हतं. ते होतं 'शोध' या शब्दाचं. मथळ्यात नुसता 'शोध' आला की काका त्याला लाल गोल करायचे आणि समासात लिहायचे, 'लागला की चालू?' 'नव्या लसीचा शोध' असला तरी गोल. 'खाणीतल्या मजुरांचा शोध' असला तरी गोल. उपसंपादकांनी हात टेकले होते. एक जण तर जिना चढून वर आला आणि म्हणाला, "अहो काका, खालची बातमी वाचली की कळतं ना."

"आणि बातमी वाचेपर्यंत माणसाने काय करायचं?" काका म्हणाले.

मला हे नुसतं शब्दाचा कीस काढणं वाटायचं. आमच्या हुद्द्यातच तो शब्द आहे, मुद्रितशोधक, मग आपण लागलेले की चालू, असं मी एकदा जेवताना डबा पुसत त्यांना विचारलं. चेष्टेत. काका हसले नाहीत. त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला, एक घडी पडलेलं पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. सरकारी पत्र होतं. 'विषय : आपल्या मुलाचा शोध. तरी आपण उभयतांनी या कार्यालयात समक्ष हजर राहावे.' बस्स, एवढंच.

त्यांचा एकुलता एक मुलगा एकवीस वर्षांचा असताना घरातून निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. दारात बूट घालायला लागला, मग विचार बदलून चपला घातल्या, आईला म्हणाला, "येतो गं," आणि गेला. आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणतच नाही. तरी काकूंनी ते शब्दशः धरलं, आणि काकांना त्या एका शब्दाचा अर्थ कधीच लावता आला नाही.

दीड वर्षाने हे पत्र आलं. ते काकूंनी वाचलं. त्यांनी मुलाचे बूट पुसले, एक स्वेटर घडी केला, दोन्ही पिशवीत भरलं आणि काका कामावरून येईपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसल्या. काकांनी पत्र वाचलं. ते मुद्रितशोधक, त्यांना त्या ओळीतली गोम दिसली. पण बायकोचा चेहरा बघून ते बोलले नाहीत. तीन तासांचा बसचा प्रवास. त्या कार्यालयात कारकुनाने एक कागद पुढे केला आणि म्हणाला, "शोध थांबवतोय. इथे सही करा, पोच म्हणून."

काकांनी सही केली. काकू पिशवी मांडीवर घेऊन परत आल्या.

"बसमध्ये ती एक अक्षर बोलली नाही," काकांनी मला सांगितलं. "घरी आल्यावर एवढंच म्हणाली, तुम्हाला कळलं होतं ना? मग तिथपर्यंत का येऊ दिलंत?"

त्यानंतर मी 'शोध'वरून कधी चेष्टा केली नाही.

हळूहळू मी त्यांच्या घरी जायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, रस्त्याच्या बाजूला अरुंद गॅलरी. काकू हसऱ्या होत्या आणि जिभेला धार होती. नवरा जगाची प्रुफं तपासतो, मी त्यांची तपासते, असं म्हणायच्या. ते खरंच होतं. सही केल्या दिवसापासून काकांच्या तोंडी मुलासाठी 'होता' यायला लागलं होतं. ते मुद्दाम म्हणायचे नाहीत. जेवताना सहज म्हणून जायचे, "ही भाजी त्याला आवडायची." लगेच काकू, पोळी लाटता लाटता मान वर न करता, "आवडते." "त्याचं अक्षर फार चांगलं होतं." "आहे." एवढंच. आवाज चढवणं नाही, डोळे पुसणं नाही. रोज दोनतीन दुरुस्त्या, आणि काकांनी एकही कधी मान्य केली नाही. त्या घरात भांडण म्हणावं असं तेवढं एकच होतं.

काकूंची नजर मात्र गेली. एका डोळ्याची शस्त्रक्रिया बिघडली, दुसऱ्या डोळ्याला जाड काचेतून फक्त मोठी अक्षरं दिसायची. टीव्ही त्यांनी आधीच बंद केला होता, त्यात बेपत्ता माणसांचे फोटो दाखवतात म्हणून. उरला आमचा पेपर. रोज साडेतीनला त्या गॅलरीत उभ्या राहायच्या. खालून अंक विकणारा जायचा. तीस वर्षं ओरडून त्याचा घसा बसलेला, म्हणून सगळे त्याला घसाच म्हणायचे. तो मथळा ओरडत यायचा, टोपलीत अंक टाकायचा, काकू दोरीने टोपली वर ओढायच्या आणि मथळे वाचायच्या. बाकीचं काका रात्रीच्या जेवणाआधी वाचून दाखवायचे.

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी अकराला बातमी आली. सूर्यमालेतल्या एका लांबच्या चंद्रावर, बर्फाच्या जाड कवचाखालच्या पाण्यात, जीव सापडले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी, पण जिवंत, वाढणाऱ्या. यानाने कुपीत पाणी घेतलं होतं आणि त्या कुपीत ते होते. पहिलं पान फाडलं गेलं. जो तो धावत होता. खेळाच्या पानावरचा एक गडी ओरडला, "मथळा द्या, जीव भांड्यात पडला!" आणि त्या गडबडीतही सगळा विभाग खो खो हसला. मीही हसले. नंतर मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, आणि का रडले ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढ्या मोठ्या अंधारात कुणीतरी आहे, एवढंच वाटत होतं.

काका प्रूफ वाचत होते. विज्ञानाचा बातमीदार मजकूर घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. "तिथून संदेश यायला तासाहून जास्त लागतो, असं तूच लिहिलं आहेस. म्हणजे आपल्याला कळलं ते तासापूर्वीचं. मग 'जीव आहे' लिहायचं, की 'होता'?"

"काका, आज तरी सोडा हो," तो म्हणाला. "आहे, लिहा."

"खात्री नसताना?"

"कुणी नाही म्हणेपर्यंत आहे."

काकांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग 'आहे' तसंच ठेवलं.

साडेबाराला पहिल्या पानाचं प्रूफ आलं. संपादकांनी वरचं अर्धं पान एका शब्दाला दिलं होतं. काळ्याभोर, वीतभर उंच अक्षरांत : 'सापडला!'

काकांनी पेन्सिल उचलली आणि गोल करायला गेले. गोल पुरा झाला नाही, हात थांबला. मलाही तेव्हाच कळलं. साडेतीन वाजता घसा हाच शब्द ओरडत त्यांच्या गॅलरीखालून जाणार होता. आणि काकूंना वाचता येईल एवढा मोठा तेवढाच शब्द त्या पानावर होता.

माझ्या चार वर्षांत काका पहिल्यांदा संपादकांच्या खोलीत गेले. मी मागोमाग.

"साहेब, आधी 'जीव' हा शब्द घाला. दोनच अक्षरं आहेत."

"काका, एका शब्दात जी ताकद आहे ती दोनांत नाही. तीन वाजेपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसाला माहीत असेल, काय सापडलंय ते."

"प्रत्येकाला नसेल."

"एक माणूस दाखवा मला."

मी तोंड उघडलं, काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी ते मिटलं. घरचं दुखणं चव्हाट्यावर मांडणारा माणूस नव्हता तो. मी मात्र बोलायला हवं होतं. आज त्यांच्या टेबलाशी बसते, तरी ती एक गोष्ट मला लागून राहिली आहे.

पान गेलं. जमीन थरथरायला लागली. काकांनी पेन्सिल खणात ठेवली आणि म्हणाले, "मी घरी जातो." 'येतो' म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. डबा तसाच टेबलावर ठेवून ते निघाले, म्हणून मी बरोबर निघाले. घरी फोन होता. पण फोनवर काय सांगणार? 'सापडला असं ऐकशील, पण तो नाही', हे वाक्य कुठल्या तोंडाने बोलायचं?

बस अर्ध्या वाटेत अडकली. सगळं शहर रस्त्यावर आलं होतं. बँकेतली माणसं काउंटर सोडून बाहेर, न्हाव्याच्या दुकानातला एक जण अर्धी दाढी घेऊन बाहेर, आणि भर दुपारी सगळे वर बघताहेत, जसं काही दिसणारच होतं. ओळख ना पाळख, एका बाईंनी माझा हात धरला. "आपण एकटे नाही म्हणे," असं म्हणून त्या हुंदके द्यायला लागल्या. माझ्या मनात आलं, बाई, शेजारच्या घरात कोण राहतं ते ठाऊक आहे का तुम्हाला? पण मी हात सोडवला नाही. त्या दिवशी माणसं एकमेकांशी चांगली वागत होती. दूरचं का होईना, कुणीतरी नात्याचं निघालं, असं सगळ्यांना झालं होतं.

आम्ही उतरून चालायला लागलो. काका भरभर चालत होते आणि धापा टाकत होते. मध्येच म्हणाले, "त्यांना माहीत आहे का गं, आपण इथे आहोत ते?"

"काका, त्या पेशी आहेत. त्यांना डोळे नाहीत, डोकं नाही."

"म्हणजे इकडे सगळं जग शोधतंय, आणि त्यांना पत्ताच नाही."

काकांनी पावलं आणखी उचलली.

आम्ही गल्लीत वळलो तेव्हा पावणेचार झाले होते. घसा येऊन गेला होता.

दार उघडं होतं. काकू गॅलरीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. एका हातात अंक, दुसऱ्या हातात ती पिशवी. बुटांचं टोक वर दिसत होतं. काका दारातच थांबले.

"सापडला म्हणे," काकू म्हणाल्या.

मी काकांच्या मागे होते. मला त्यांची मान दिसत होती, घामाने भिजलेली. त्यांना एवढंच सांगायचं होतं, की तो नाही. दोन शब्द. ते सांगायलाच तर ते धावत आले होते.

"कुठे सापडला?" काकूंनी विचारलं.

"लांब," काका म्हणाले.

"किती लांब?"

"बसने जाण्यासारखं नाही."

"जिवंत आहे?"

काकांनी त्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आहे. जिवंत आहे."

"थंडी असेल तिथे."

"वर बर्फ आहे. पण खाली ऊब आहे. तग धरून आहे."

"येणार नाही ना?"

"नाही. येणं नाही व्हायचं."

"आणि आपली आठवण?"

"आपण आहोत हेच माहीत नाही गं."

काकूंनी मान हलवली. "पण आहे ना?"

"आहे."

"मग झालं," काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून बूट काढले, दाराशेजारच्या फळीवर काकांच्या चपलांच्या बाजूला ठेवले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

काका भिंतीला टेकून खाली बसले. उभ्या आयुष्यात दोन अर्थांचा एक शब्द सोडला नव्हता त्या माणसाने. आणि आज दोन अर्थांचं आख्खं बोलणं तसंच जाऊ दिलं होतं. मी मनात एकेक वाक्य परत तपासलं. एकही खोटं नव्हतं. सगळं त्या पेशींबद्दल खरं होतं.

त्या दिवसापासून घरातलं भांडण मिटलं. काका 'आहे' म्हणायला लागले. 'आवडते' म्हणायला लागले. काकूंना दुरुस्तीला जागाच राहिली नाही. काका मात्र वाळत गेले. एकदा प्रुफावरून मान वर करून म्हणाले, "मी तिला फसवलं. आणि आता ते निस्तरता येत नाही." त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

पुढच्या थंडीत काकूंनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तेव्हा काका औषध आणायला खाली गेले होते. काकूंनी मला जवळ बसवलं.

"ते जंतू कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी चपापले. "कुठले जंतू?"

"अगं, ते तिकडचे. बर्फातले." काकू हसल्या. "माझे डोळे गेलेत, कान नाही. घसा ओरडला तेव्हा मी पिशवी घेतली आणि गॅलरीत धावले, खोटं कशाला सांगू? वरून विचारलं, अरे, कोण सापडला? तो बिचारा दोन जिने चढून वर आला. म्हणाला, काकू, माणूस नाही हो, जंतू आहेत. पाणी दिलं त्याने मला, आणि गेला."

"मग तुम्ही काकांना..."

"मी सांगणारच होते. पण ते दारात आले ना, तेव्हा त्यांची धाप ऐकलीस तू? इतक्या वर्षांत ते माझ्यासाठी असे धावत आले नव्हते. म्हटलं, विचारून तर बघू. काय सांगतात ते बघू." त्या जरा थांबल्या. "दहा वर्षं 'होता', 'होता'. मला मुलगा काही परत मिळणार नव्हता, एवढं काय कळत नाही मला? मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून 'आहे' ऐकायचं होतं. ते म्हणाले. मग कशाला बिघडवू?"

"पण काका मनाला लावून घेताहेत. तुम्हाला फसवलं म्हणतात."

"घेऊ देत," काकू म्हणाल्या. "मला कळलं होतं हे त्यांना समजलं, तर उद्यापासून परत 'होता' सुरू करतील. तू सांगू नकोस. माझ्यामागेही नाही."

मी शब्द दिला. खाली जिन्यावर काकांची पावलं वाजली.

काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या खोलीत आले. त्यांचं टेबल आता माझं होतं, आणि माझ्या जुन्या टेबलाशी एक नवी मुलगी बसत होती. ते पाहुण्यासारखे उभे राहिले. हातात निधनवार्तेचा कागद होता, त्यांच्याच सुबक अक्षरातला. "तपास," म्हणाले.

मी पट्टी ठेवली आणि वाचलं. नाव, वय, अल्पशा आजाराने निधन. मग नेहमीची शेवटची ओळ : 'त्याच्या पश्चात पती व एक मुलगा असा परिवार आहे.'

मी ती ओळ परत वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांची टिंबं भरत आलेल्या माणसाने एक टिंब गाळलं होतं. 'त्यांच्या' हवं होतं, 'त्याच्या' झालं होतं. काकूंच्या मागे नाही, त्याच्या, मुलाच्या मागे. तोंडाने कितीही 'आहे' म्हटलं तरी हात आपलं जुनंच लिहून गेला होता.

काका माझ्या पेन्सिलीकडे बघत होते. त्यांना वाटत होतं, मी 'मुलगा' या शब्दाला गोल करणार आणि समासात विचारणार. मला सांगावंसं वाटत होतं, काका, त्यांना माहीत होतं. तुम्ही कुणालाही फसवलं नाही. शब्द अगदी ओठांवर आला होता.

मी 'त्या'वर टिंब दिलं. बाकीच्या ओळीला हात लावला नाही.

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं. "बाकी बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली. मी खाली 'छापा' असं लिहून सही केली आणि कागद नव्या मुलीकडे दिला.